शुगर, केमो, ट्रान्सप्लांट आणि कान-नाक-मानेचे आडवळणी संसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. ओपीडीतली बहुतेक दुखणी साधी असतात आणि पाच-सात दिवसांच्या औषधाने बरी होतात. पण ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांच्यात अधूनमधून असा एखादा जिवाणू निघतो की तो नेहमीच्या गोळ्यांना भीक घालत नाही. अशा वेळी घरचे जे विचारतात, ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. औषधांची नावं आहेत, डोस नाहीत. ते मुद्दाम.

प्रतिकारशक्ती कमी म्हणजे नेमकं कोण? मी तर धडधाकट आहे, फक्त थोडी शुगर आहे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ते हे "थोडी शुगर" असलेलेच. बरीच वर्षं वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. मग पेशी आणि औषध दोन्ही जागेवर नीट पोचत नाहीत. माणूस चालतो-फिरतो, शेतावर जातो, म्हणून त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही.

बाकीची यादी अशी: केमो चालू असलेले, रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण, किडनी किंवा लिव्हर बदललेले, एचआयव्ही असून सीडी-४ (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खाली गेलेले, डायलिसिसवरचे, आणि संधिवात, सोरायसिस किंवा आतड्याच्या आजारासाठी बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शनं घेणारे. आणखी एक गट कुणी मोजत नाही. दम्यासाठी किंवा गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने "ती बारीक पांढरी गोळी" घेणारे. ती गोळी पुष्कळदा स्टिरॉइड असते. डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठी सापडली नाही, तर गोळीचं रिकामं पाकीट घेऊन जा.

हे जिवाणू येतात कुठून? घरात अस्वच्छता आहे का आमच्या?

नाही हो. सुडोमोनास नळात, बादलीत, ओल्या स्पंजात असतो. ॲक्टिनोमायसिस तुमच्या-माझ्या हिरड्यांच्या कडेला मुक्कामाला असतो आणि आयुष्यभर उपद्रव देत नाही. नोकार्डिया मातीत. क्लेबसिएला आपल्याच आतड्यात. पहारा ढिला पडला की हे आत शिरतात. म्हणून घर फिनेलने धुऊन काढण्यापेक्षा साखर आटोक्यात आणणं जास्त उपयोगी पडतं.

पू नाही, ताप नाही, लाली नाही. मग डॉक्टर एवढे घाबरतात कशाला?

कारण पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. केमोनंतर न्यूट्रोफिल नावाच्या पेशी ५०० च्या खाली गेल्या, तर पू करायलाच कुणी उरत नाही. सूजही धड येत नाही. जिवाणू मात्र जोरात वाढत असतो. स्टिरॉइड घेणाऱ्याचा तापही दबलेला असतो. घरात चोर शिरलाय, पण भुंकायला कुत्रा नाही, अशी अवस्था.

म्हणून या रुग्णांत आम्ही दुखण्याला जास्त वजन देतो. वरून काहीच दिसत नसताना माणूस कळवळत असेल, तर ते नाटक नसतं.

बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे. महिनाभर कान दुखतोय. ड्रॉप झाले, गोळ्या झाल्या, रात्री झोपू देत नाही. काय असेल?

या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

वयस्कर मधुमेही, कान रात्री ठणकणं, पेनकिलरला दाद न देणं आणि अधूनमधून वाहणं, एवढं जुळलं की नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्नाचा विचार करावाच लागतो. जुनं नाव मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना. सुरुवात कानाच्या नळीच्या कातडीत होते आणि बहुतेक वेळा जिवाणू असतो सुडोमोनास एरुजिनोसा. नळीचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, आतला हाडाचा. कूर्चेत जन्मतःच बारीक फटी असतात. अठराव्या शतकातल्या सान्तोरिनी या व्हेनिसच्या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. त्या फटींतून संसर्ग खाली उतरतो आणि कवटीच्या तळाचं हाड धरतो. म्हणजे दुखणं कानाचं वाटतं, पण लढाई हाडात चाललेली असते.

तपासताना मी नळीच्या तळाशी बघते. कूर्चा संपून हाड सुरू होतं, नेमक्या त्या सांध्यावर डाळिंबाच्या दाण्याएवढा लालसर, ओला मांसाचा कोंब दिसतो. कापूस लावला तरी रक्त येतं. वर पडदा बहुधा शाबूत असतो. तो कोंब दिसला की ड्रॉपची चिठ्ठी लिहायची नाही. तुकडा घ्यायचा, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज मोजणाऱ्या रक्ततपासण्या) करायचं, साखर बघायची आणि सीटी किंवा एमआरआयला पाठवायचं. ईएसआर या आजारात चांगलाच चढलेला असतो. साध्या कान वाहण्यात तो एवढा चढत नाही.

"मॅलिग्नंट" लिहिलंय रिपोर्टमध्ये. म्हणजे कॅन्सर?

कॅन्सर नाही. १९६८ मध्ये चँडलर या अमेरिकन डॉक्टरने १३ रुग्णांची माहिती छापली. त्यातले जवळपास निम्मे दगावले होते, म्हणून त्याने हा भयंकर शब्द वापरला. तेव्हा सुडोमोनासवर चालणारी औषधं फारच कमी होती. आजची स्थिती तेव्हापेक्षा पुष्कळ बरी आहे. नाव मात्र चिकटून राहिलं आणि अजून लोकांची झोप उडवतं.

तरीही तुकडा तपासायला पाठवतोच, कारण कानाच्या नळीचा खरा कॅन्सर दिसायला अगदी असाच असतो. कधीकधी जिवाणूऐवजी बुरशीही निघते, विशेषतः एचआयव्ही किंवा रक्ताच्या कर्करोगात. तिन्हींची औषधं वेगळी. नुसतं बघून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

सहा आठवडे औषध? कानासाठी?

कानासाठी नाही, हाडासाठी. हाडात रक्तपुरवठा कमी, म्हणून औषध हळू पोचतं. सहा ते आठ आठवडे हा नेहमीचा हिशोब आहे, कधी जास्तही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या या आजारात पुष्कळ वर्षं कामी आल्या. पण हेच औषध जुलाबापासून लघवीच्या जळजळीपर्यंत कशालाही घेतलं गेल्याने आता दाद न देणारे सुडोमोनास वाढलेत. मग सेफ्टाझिडिम किंवा त्याच्या वरच्या वर्गातली इंजेक्शनं शिरेतून द्यावी लागतात.

सिप्रो चालू असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. कॅल्शियम, लोह, अँटासिड आणि दूध यांच्याबरोबर गोळी घेतली तर औषध पोटातच अडकतं. गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यायची. आमच्याकडच्या बहुतेक आजी-आजोबांना सकाळी चहाबरोबर सगळ्या गोळ्या एका मुठीत घ्यायची सवय असते, आणि त्या मुठीत कॅल्शियम असतंच. दुसरं, शुगरच्या औषधांबरोबर साखर अचानक खाली-वर होऊ शकते. तिसरं, टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) दुखायला लागली तर लगेच कळवा. स्टिरॉइड घेणाऱ्यांत ती तुटण्याचा धोका जास्त असतो.

आठ-दहा दिवसांत ठणका कमी झाला की लोक गोळ्या बंद करतात. महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात, आणि तेव्हा दुखणं आधीच्या जागी नसतं, पुढे सरकलेलं असतं. औषध कधी थांबवायचं हे आम्ही दुखणं, तुकड्याची जागा आणि ईएसआर तिन्ही बघून ठरवतो. स्कॅन पुष्कळदा आजार बरा झाल्यावरही बराच काळ बिघडलेला दिसतो, त्यामुळे एकट्या स्कॅनवरून घाबरू नका.

कान दुखत होता, आता तोंड वाकडं झालं. वारं गेलं का?

मेंदूचा झटका असू शकतो, म्हणून वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, यात वाद नाही. पण कान वाहणाऱ्या मधुमेही माणसाचं तोंड वाकडं झालं, तर चेहऱ्याची नस कवटीतून बाहेर पडते त्या छिद्रापर्यंत संसर्ग पोचल्याची शक्यता मोठी. तिथून आणखी आत गेला तर आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो, जीभ एका बाजूला वळते. अशा वेळी माणूस "वारं गेलं" म्हणून मसाज करणाऱ्याकडे जातो आणि पंधरा दिवस गमावतो. तातडीच्या विभागात पोचलात की पहिल्या वाक्यात सांगा: "शुगर आहे, आणि महिनाभर हाच कान दुखतोय." या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या नाहीत, तर कानाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

कानात लसणीचं तेल घालतो आम्ही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

धडधाकट माणसाने घातलं तर बहुधा काही बिघडत नाही, काही सुधारतही नाही. मधुमेह्याने किंवा केमो चालू असलेल्याने घालू नये. काडी, हेअरपिन, गाडीची किल्ली आणि बड यांनी पडणारा ओरखडा हाच जिवाणूचा दरवाजा. आणखी एक गोष्ट आम्हा डॉक्टरांना लागू आहे: वयस्कर मधुमेह्याच्या कानातला मळ पिचकारीने पाणी मारून काढल्यावर हा आजार सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. तुम्हाला शुगर असेल तर "मळ सक्शनने काढा" असं बिनधास्त सांगा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तर रागावू द्या.

तुकडा काढला, रिपोर्टमध्ये "नॉनस्पेसिफिक इन्फ्लमेशन" आलं. म्हणजे काही नाही?

म्हणजे सूज आहे, कशाची ते कळलं नाही. इथे माझीच एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मानेच्या गाठीतला तुकडा मी काढला आणि सगळाच्या सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला. फॉर्मेलिन पेशी छान टिकवतं, पण जिवाणू जागच्या जागी मारतं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मोघम आला. मग कल्चर (लॅबच्या बशीत जिवाणू वाढवून ओळखणं) करू म्हटलं, तर करायचं कशाचं? रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. तीन आठवडे गेले ते वेगळेच.

तेव्हापासून आमच्याकडे टेबलावर दोन बाटल्या मांडल्याशिवाय सुरी उचलत नाही. एक फॉर्मेलिनची, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी निर्जंतुक सलाइनची, कल्चरसाठी. घरच्यांनी ऑपरेशनच्या आधी एकच विचारावं: "दोन बाटल्या आहेत ना?" फार शहाणपणा केल्यासारखं वाटेल, पण विचारा. आणि नमुना लॅबला पोचवायचं काम तुमच्याकडे असेल, तर चिठ्ठीवर "ट्रान्सप्लांट", "शुगर", "भातशेती" असं जे काही असेल ते लिहिलंय का बघा. काही जिवाणू दोन दिवसांत उगवत नाहीत. नोकार्डियाला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, टीबीला सहा-आठ. लॅबला कुणी सांगितलंच नाही, तर तिसऱ्या दिवशी "नो ग्रोथ" लिहून बशी टाकून दिली जाते.

सुई टोचली, चिरा दिला की पसरतं म्हणतात.

बारीक सुईने तपासल्याने संसर्ग पसरत नाही. न तपासता औषध चालू ठेवल्याने मात्र पसरतो. एका बाबतीत लोकांचं म्हणणं अर्धं खरं आहे: टीबीच्या थंड गळवाला (लाली-ठणका नसलेल्या गळवाला) सरळ चिरा दिला, तर तिथून महिनोन्‌महिने वाहणारं भोक पडू शकतं. म्हणून तो पू आम्ही बाजूच्या चांगल्या कातडीतून सुईने ओढून काढतो.

आणखी एक. प्रकृती तेवढी गंभीर नसेल तर आधी नमुना, मग अँटिबायोटिक. मेडिकलमधून दोन डोस घेऊन आलात की जिवाणू अर्धमेला होतो. तो मरत नाही, पण बशीत उगवतही नाही. ताप चढलेला, न्यूट्रोफिल कमी असलेला रुग्ण मात्र याला अपवाद आहे. तिथे रक्ताचं कल्चर घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

मानेत गाठी आल्यात. टीबीच ना? सगळे तेच म्हणतात.

गंडमाळा आपल्याकडे जुनी ओळखीची. फुप्फुसाबाहेरचा टीबी भारतात सगळ्यात जास्त लसिकाग्रंथींतच दिसतो, आणि मान ही त्याची आवडती जागा. त्यामुळे शंका रास्त आहे. पण एचआयव्हीत सीडी-४ फार खाली गेलेला असेल, तर टीबीचे चुलतभाऊ म्हणावेत असे दुसरे मायकोबॅक्टेरियाही गाठी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच लाल दांडके दिसतात, आणि नेहमीच्या टीबीच्या गोळ्या त्यांच्यावर पुऱ्या पडत नाहीत. लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) गाठीही अशाच असतात. सुईने काढलेल्या नमुन्यावर सीबीनॅट ही टीबीची चाचणी केली की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, ते काही तासांत कळतं. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं.

बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करून घेतात, ती याचसाठी. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी औषधं शरीराने वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेल्या टीबीचं कुलूप उघडतात.

टीबीच्या गोळ्या सुरू करून दोन महिने झाले, गाठ उलट वाढली. औषध चुकलं?

चुकलंच असं नाही. मेलेल्या जिवाणूंविरुद्ध शरीर जागं होतं आणि गाठ तात्पुरती फुगते. कधी नवी गाठही येते. एचआयव्हीची औषधं सुरू केल्यावर काही आठवड्यांत असं व्हायची शक्यता जास्त, कारण झोपलेली प्रतिकारशक्ती एकदम उठून बसते. मनाने गोळ्या सोडू नका. पण तपासणीला या, कारण क्वचित ते औषधाला न जुमानणारं टीबीचं रूपही असतं.

सगळ्यात महत्त्वाचं, रिफाम्पिसिन हे भांडकुदळ औषध आहे. ते किडनी ट्रान्सप्लांटनंतरच्या टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी पाडतं, मग नवी किडनी धोक्यात येते. एचआयव्हीच्या काही गोळ्या निकामी करतं. शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतं. म्हणून टीबीचं औषध ज्या दिवशी सुरू होईल, त्याच दिवशी किडनीच्या आणि शुगरच्या डॉक्टरांना फोन झाला पाहिजे. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतले डॉक्टर एकमेकांशी बोलतील, हे गृहीत धरू नका. फोन तुम्हीच लावून द्या.

उपचार साधारण सहा महिने. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. त्यासाठी बँक खातं नोंदवलंय ना, ते बघा.

जबड्याखाली लाकडासारखी कडक सूज, त्यातून थेंब-थेंब पाणी आणि पिवळे कण. हे काय?

ते पिवळे कण गॉजवर धरून घेऊन या, फेकू नका! रव्याच्या दाण्याएवढे असतात, बोटांत चुरडले तर दाणेदार लागतात. त्यांना सल्फर ग्रॅन्यूल म्हणतात, पण त्यात गंधक नसतो, फक्त रंग तसा. तो जिवाणूंचाच पुंजका असतो आणि काचपट्टीवर दाबून बघितला की ॲक्टिनोमायकोसिसचं (ॲक्टिनोमायसिसच्या संसर्गाचं) निदान जवळपास तिथेच होतं.

नावातला "मायसिस" म्हणजे बुरशी. १८७७ साली गुरांच्या जबड्यात तो पहिल्यांदा वर्णिला गेला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालच्या किरणांसारख्या तंतूंमुळे ती बुरशीच वाटली. निघाला जिवाणू. पुढच्याच वर्षी जेम्स इस्रायल या जर्मन सर्जनने माणसातली उदाहरणं मांडली, म्हणून माणसातल्या मुख्य प्रकाराला ॲक्टिनोमायसिस इस्रायली म्हणतात. कुजकी दाढ, काढलेली दाढ किंवा जबड्याला झालेली जखम ही याची सुरुवात. तंबाखूच्या कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशन झालेल्यांत, आणि हाडं मजबूत करायच्या झोलेड्रोनिक ॲसिडसारख्या इंजेक्शनांनंतर उघड्या पडलेल्या जबड्याच्या हाडावर तो हमखास बसलेला सापडतो.

औषध साधं आणि स्वस्त: पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. पण सहा महिने, कधी वर्षभर. म्हणून हाडं मजबूत करायचं ते इंजेक्शन सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडून सगळी डागडुजी करून घ्या. नंतर दाढ काढणं महागात पडतं.

रिपोर्टमध्ये नोकार्डिया आलाय. ऐकलंच नाही कधी.

आम्हीही क्वचितच ऐकतो. मातीतला जिवाणू. काटा टोचून चेहऱ्या-मानेवर फोड करतो, नाहीतर श्वासातून फुप्फुसात जातो आणि तिथून मेंदूत. ट्रान्सप्लांटवाल्यांत आणि स्टिरॉइडवाल्यांत जास्त. कातडीवर एवढासा फोड असला तरी छातीचा सीटी आणि मेंदूचा एमआरआय करा, डोकं दुखत नसलं तरी. औषध मुख्यतः कोट्रायमोक्साझोल, आणि मुदत महिन्यांची.

पावसाळ्यात लावणी करून आल्यावर नवऱ्याच्या कानाखाली सूज आली. गालफुगी म्हणून लेप लावला. उतरत नाही, थंडी वाजून ताप येतो. वय पन्नास, शुगर आहे.

पन्नाशीच्या मधुमेही माणसाला एकाच बाजूची गालफुगी, तीही भातलावणीनंतर? लेप पुसून टाका आणि आजच निघा.

कानापुढच्या लाळग्रंथीत गळू होण्याचं कारण बहुधा साधं स्टॅफिलोकॉकस असतं. पण मेलिऑइडोसिस मनात ठेवावाच लागतो. जिवाणू बर्कहोल्डेरिया सुडोमलाय, राहतो चिखलात आणि साचलेल्या पाण्यात. १९११ च्या सुमारास रंगूनमध्ये अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी तो पहिल्यांदा ओळखला. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. थायलंडमध्ये तो लहान मुलांच्या लाळग्रंथीत गळू करतो. आपल्याकडे किनारी कर्नाटकात, उडुपी-मंगळूरकडे, दर पावसाळ्यात रुग्ण सापडतात, आणि त्यातले पुष्कळ मधुमेही असतात. खाचरं तीच, पाऊस तोच. जिवाणू राज्याची सीमा बघून थांबत नाही.

अडचण लॅबमध्ये येते. बशीत हा सुडोमोनाससारखा दिसतो आणि "दूषित नमुना" म्हणून टाकूनही दिला जातो. एकदा संध्याकाळी आमच्या लॅबवाल्याचा फोन आला, "मॅडम, सुडोमोनास लिहिणार होतो, पण कोलिस्टिनला अजिबात दाद देत नाही. पेशंट शेतकरी आहे का?" त्या एका प्रश्नाने निदान झालं. कोलिस्टिनसारखंच जेंटामायसिन या अँटिबायोटिकलाही हा बहुधा जुमानत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे, मग कोट्रायमोक्साझोल किमान तीन महिने. लिव्हर आणि प्लीहेतही गळवं असू शकतात, म्हणून पोटाची सोनोग्राफी सांगितली तर "सूज कानाखाली, सोनोग्राफी पोटाची" असं म्हणून हसू नका.

शेती सोडा असं कुणाला सांगणार? शुगर असेल तर गमबूट घाला, हातमोजे घाला, जखम झाकून घ्या, आणि हातापायाला ताजी चीर असेल तर ते चार दिवस चिखलणीचं काम दुसऱ्या कुणाला द्या.

नाकात काळी खपली दिसते. २०२१ सारखी काळी बुरशी?

शक्य आहे, आणि तो धोका धरूनच धावपळ करायची. पण काळं म्हणजे दरवेळी म्युकर (काळी बुरशी) नव्हे. केमोनंतर न्यूट्रोफिल पडलेले असताना सुडोमोनासही रक्तवाहिन्या बंद करून नाकाच्या तोंडाशी, ओठावर, हिरडीवर काळा पडणारा फोड करतो. एकाला बुरशीचं औषध, दुसऱ्याला अँटिबायोटिक. दोन्हींची उलटापालट जिवावर बेतते, म्हणून त्याच दिवशी नमुना. दोन बाटल्यांत.

आईचं केमो चालू आहे. रात्री-अपरात्री कधी निघायचं आणि कधी सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?

ताप एकदा १०१ फॅरनहाइट झाला किंवा तासभर १००.४ वर राहिला, की थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आधी पॅरासिटामॉल देऊन "बघू या" असंही करायचं नाही, कारण ताप उतरतो आणि संसर्ग तसाच राहतो.

ताप नसला तरी पुढच्या गोष्टींना वेळ नसतो. जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येत नाही, बोलताना तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज येतो. याला लुडविग अँजायना म्हणतात. खालच्या मागच्या दाढेतून सुरू होतो आणि काही तासांत श्वास बंद करू शकतो. माणसाला आडवं झोपवून नेऊ नका, बसवून न्या. मानेची कातडी जांभळी पडून हाताला कुरकुर लागत असेल, दिसायला चीर एवढीशी आणि दुखणं असह्य असेल, नजर दुहेरी झाली असेल, तर तेच.

नुसतं तोंड आलंय, ताप नाही, पाणी गिळता येतंय, तर सकाळी फोन करून या.

घरात मांजर आहे. ट्रान्सप्लांटनंतर सोडून द्यावी का?

नको. मांजरीच्या ओरखड्यातून बार्टोनेला हेन्सेले नावाचा जिवाणू येऊ शकतो. धडधाकट माणसात मानेत किंवा काखेत गाठ येते आणि बहुधा आपोआप बसते. एचआयव्हीत किंवा ट्रान्सप्लांटनंतर मात्र कातडीवर लाल, रक्ताळ गाठोळ्या येतात, त्या एका प्रकारच्या कॅन्सरसारख्या दिसतात, आणि डॉक्सीसायक्लिन किंवा एरिथ्रोमायसिनने बऱ्या होतात. जिवाणू मांजरीच्या पिसवांतून पसरतो, म्हणून खरा इलाज पिसवांवर करायचा. पशुवैद्याकडून औषध लावून घ्या. मोठी मांजर ठीक, पिल्लू नको, पिल्लं खेळताना जास्त ओरबाडतात. ओरखडा आलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, आणि जखम चाटू देऊ नका. आणि गाठ घेऊन डॉक्टरांकडे आलात की मांजरीचं सांगायला विसरू नका. आम्हीही विचारायला विसरतो.